फूल एका कंदाचे, पान दुसऱ्याचे

सर, गेल्या महिन्यात तुमचा तो कागद मी पुन्हा पाहिला. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, जाड पांढरा कागद, त्यावर डावीकडे शेवळाचे एक वाळलेले फूल, उजवीकडे एक वाळलेले पान, दोन्ही दोऱ्याने टाचलेली, आणि खाली चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात तुम्ही त्या वनस्पतीला दिलेले नाव. प्रत्यक्ष कागद नव्हे, त्याचे छायाचित्र. आता असे कागद संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहतात, पानाची शीर न् शीर दिसते. फुलाचा जांभळा रंग उडून ते चहाच्या चोथ्यासारखे झाले आहे. पान मात्र अजून किंचित हिरवे आहे. ते पान त्या कागदावर असायला नको होते. हे मला पंचेचाळीस वर्षांपासून ठाऊक आहे आणि तुम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. या पत्राचा विषय एवढाच आहे. तुम्ही शिकवलेत त्याप्रमाणे विधान आधी मांडले, आता पुरावा.

तुमचा पहिला तास मला स्वच्छ आठवतो. तालुक्याच्या कॉलेजातली पत्र्याची खोली, आणि टेबलावर तुम्ही ठेवलेली एक कैरी, बोंडासकट एक ओला काजू आणि चार बिब्बे. यांचे एकमेकांशी नाते काय, असे तुम्ही विचारता. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणतो, "तिन्ही अंगावर उठतात, सर." सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. त्याला उभे करता आणि आम्हाला सांगता की आज या खोलीत वर्गीकरण फक्त यालाच आले आहे. कैरीचा चीक, काजूच्या टरफलाचे तेल आणि बिब्ब्याचा रस कातडी भाजतात ते एकाच जातीच्या द्रव्याने, ही खूण खरी आहे. पण खुणेवर थांबायचे नाही. तिघांची फुले उघडायची, फळात बी एकच आहे का ते पाहायचे, खोडाला टोचून चीक कुठून वाहतो ते पाहायचे, आणि मगच तिघांना एका कुळात बसवायचे. "साम्य डोळ्यांना दिसतं. नातं सिद्ध करावं लागतं," हे तुमचे वाक्य मी पुढे चाळीस वर्षे माझ्या वर्गात माझेच असल्यासारखे वापरले. जाती, प्रजाती, कुळे ही झाडांवर लिहिलेली नसतात, ते माणसांनी केलेले दावे असतात, असे तुम्ही म्हणत असा. प्रत्येक नव्या नावामागे एक खराखुरा नमुना ठेवावा लागतो. नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. नमुन्यात खोट निघाली की नावाखालची जमीन जाते.

शेवळाची अडचण आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे आणि शहरातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती सांगावी लागते. जूनच्या तोंडाशी उघड्या जमिनीतून नुसते फूल वर येते, पानाचा पत्ता नसतो. फूल सडून गेल्यावर तीनचार आठवड्यांनी त्याच कंदातून पान येते. बाजारात या दोन वेगळ्या भाज्या आहेत, आधी शेवळे आणि नंतर लोत; विकणाऱ्या बायकांना दोन्हींचा कंद एक हे ठाऊक असते, पण शिजवण्याची रीत वेगळी, म्हणून नाव वेगळे. शास्त्राला मात्र दोन्ही एका कागदावर लागतात. म्हणजे ज्याचे फूल घेतले तो कंद खूण करून ठेवायचा आणि पावसात परत जाऊन त्याचेच पान आणायचे. त्याचेच. या एका शब्दावर सगळे उभे असते.

धसईच्या बाजारात एक मावशी बसत असे, वरच्या वाडीवरची. तिच्या टोपलीत शेवळांबरोबर काकडाची आंबट हिरवी फळे असत, कारण काकडाशिवाय शेवळ शिजवले तर घसा धरतो. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसून तिच्या भाज्यांची प्रतवारी वहीत उतरवत होता: काकड लागणाऱ्या, पहिले पाणी फेकायच्या, नुसत्या परतायच्या, बाळंतिणीला न द्यायच्या. मला मनातून हसू येत होते. तुम्ही ते ओळखलेत आणि न बघताच म्हणालात की हेही वर्गीकरणच आहे, फक्त हिचा नमुना कागदावर नसतो, ताटावर बसलेला असतो. त्याच वेळी तिने टोपलीच्या तळातून वेगळी ठेवलेली तीन शेवळे काढली.

"मास्तर, हे गोडं शेवळ. ह्याला काकड नाय लागत."

"कशावरून?"

"खाऊन. अजून कशावरून?"

मग तुम्ही जे केलेत ते त्या बाजाराने पुढची कितीतरी वर्षे सांगितले असेल. आधी साध्या शेवळाचा तुकडा कच्चा चावलात. डोळ्यांतून पाणी आले, जीभ बाहेर काढून तुम्ही उभे राहिलात, कोणीतरी तांब्या पुढे केला. जिभेवरचे थोडे निवळल्यावर गोड्या शेवळाचा तुकडा चावलात आणि शांतपणे चघळत राहिलात. शेजारच्या भातवाल्याने मास्तर येडा झाला असा निकाल दिला. मावशी पदर तोंडाला लावून मला म्हणाली, "आता दोन दिस मास्तरचा आवाज नाय गो. तुमची चंगळ." आवाज खरोखर दोन दिवस बसला होता; पण त्या बसक्या आवाजात तुम्ही परतीच्या एसटीत माझ्याशी अखंड बोललात. खाज न येणे हे कागदावर वाळवता येत नाही, म्हणून डोळ्यांना दिसणारा भेद हवा. फुलाच्या वरचा दांडा आखूड आहे, वेष्टणाच्या तळाशी गाठी नाहीत. पानातही एखादा भेद निघाला, तर ही जाती नवी.

पुढच्या रविवारी मावशीने आपल्याला वर नेले. कातळाच्या खालच्या अंगाला, दहा-बारा पावलांच्या आत, ती शेवळे उभी होती. तुम्ही एक कापलेत आणि कंद खणू लागलात तेव्हा तिने तुमचे मनगट धरले. कांदा काढलात तर पुढल्या सालाला आमी काय खायचं, असे तिने विचारले. कोणाही संग्राहकाने दोन शब्द समजावून कंद काढलाच असता; कंद नेऊन कुंडीत लावला असता, म्हणजे पान डोळ्यांदेखत आले असते. तुम्ही माती परत लोटलीत. पावडरच्या डब्याच्या पत्र्यावर खिळ्याने क्रमांक कोरून तो बांबूच्या खुंटीला बांधलात आणि खुंटी कंदाला लागून ठोकलीत. उतरताना तुमचा गुडघा आखडला होता. पान आणायचे काम तुम्ही मला दिलेत.

आषाढ संपत आला होता. ज्या दिवशी मी वर जायचे ठरवले होते त्या दिवशी आमच्या शेतात भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती आणि दोन माणसे कमी होती. पाने दाबून वाळवायच्या फळ्यांचा दाब हातात घेऊन निघालेल्या मला वडिलांनी अंगणातच थांबवले. "तुझ्या सरांना सांग, पान दोन दिसांनी पण पानच ऱ्हायल. आवणी नाय थांबायची." त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने बरोबर होते. मी दिवसभर चिखलात रोपे लावली. संध्याकाळी बांधावर हात धुताना समोर एक पान दिसले, एका देठावर तीन फाटे, छत्रीसारखे उघडलेले. ते मी तोडले. त्या क्षणी मी काही विचार केला असे म्हणणे अचूक होणार नाही. विचार मी नंतर केला, तोडण्याला आधार म्हणून. या कुळातली कोवळी पाने एकमेकांसारखीच असतात, दोन दिवसांनी वर जाऊन खरे पान आणीन आणि हे काढून टाकीन. घरी येऊन वर्तमानपत्रांच्या घडीत ते दाबले आणि तुम्ही दिलेल्या नोंदपत्रात, तारखेपुढे, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिले: त्याच कंदाचे पान, खुंटीचा क्रमांक पाहून घेतले.

दोन दिवसांनी ओढ्याला पाणी होते. ही सबब नाही. पाणी चार दिवसांत उतरले. तोवर तुम्ही घरी येऊन दाब घेऊन गेला होता. ते पान शेवळाच्या भाऊबंदांतल्या रानसुरणाचे होते हे मला दुसऱ्या वर्षी आमच्याच बांधावर कळले, त्याच जागी त्याला रानसुरणाचे फूल आले तेव्हा. तुम्हाला ते वाळलेल्या पानावरून ओळखता यायला हवे होते, असा युक्तिवाद मी बराच काळ स्वतःशी केला. देठ मी आखूड तोडला होता, रानसुरण ओळखू येते तो देठाचा खरखरीत भाग कागदावर आलाच नव्हता, हे त्या युक्तिवादात मी सोयीने गाळत असे. आणि तुम्ही ते पान तपासायला घेतलेतच नव्हते. तुम्ही त्यात भेद शोधायला घेतला होता आणि तो तुम्हाला भरपूर मिळाला, कारण पान होतेच दुसऱ्याचे.

तुमचा लेख छापून आला. त्या कागदाच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून तुम्ही माझे नाव तुमच्या वर लिहिलेत. वर चढण्याचे कष्ट तिचे आहेत, असे तुम्ही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगत होता आणि मी दाराशी उभी होते. आत येऊन सांगायला सात-आठ पावले पुरली असती. रानसुरणाचे ते फूल मी तेव्हा पाहून झालेले होते.

चार वर्षांनी त्या गटाच्या एका जाणत्या अभ्यासकाने कागद मागवून घेतला, देठाच्या टोकाचा तुकडा भिजवून पाहिला आणि लिहिले की या नमुन्यातले फूल व पान एका वनस्पतीचे नाही. फूल बहुधा साध्या शेवळाचेच विकृत रूप आहे. लेखकाने निष्काळजीपणे दोन वनस्पतींची एक जाती केली आहे. मी तोवर त्याच कॉलेजात तुमच्या हाताखाली शिकवत होते. तुम्ही तीन दिवस आला नाहीत, म्हणून मी आटगावला तुमच्या घरी गेले. काकू जाऊन वर्ष झाले होते. तुम्ही स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा टाकलात, साखरेचा डबा शोधत राहिलात, तो तुमच्या समोरच्या फळीवर होता. तुम्ही पाठमोरेच होता.

"पान तू स्वतः आणलं होतंस ना?"

"हो, सर."

विधान म्हणून ते सत्य होते. पान मी स्वतः आणले होते. पुढचा प्रश्न तुमच्या तोंडाशी आलेला मी पाहिला. तुम्ही मान अर्धी वळवलीत आणि थांबलात. तो विचारणे म्हणजे माझ्यावर संशय घेणे, आणि तेवढे तुम्हाला करायचे नव्हते. तुम्ही चहा गाळलात आणि माझ्यापुढे कप ठेवत म्हणालात, "मग खुंटी मीच चुकीच्या कंदाला ठोकली." तर्क निर्दोष होता. पान खुंटीजवळचे, पान परके, म्हणून खुंटी परक्या कंदाजवळ. एका गृहीतकाशिवाय त्यात काहीच चुकीचे नव्हते, आणि ते गृहीतक तुमच्यासमोर बसून चहा पीत होते. मी तो चहा पूर्ण प्यायले, सर. कप विसळून पालथा घातला.

तुम्ही त्या नियतकालिकाला चार ओळी लिहिल्यात: खूण करण्यात माझी चूक झाली, नाव मागे घेतो. त्या छापून आल्या. गोडे शेवळ खरोखर वेगळे आहे का, हे पुढच्या जूनमध्ये वर जाऊन पाहता आले असते. पण ज्याने स्वतःची खुंटी चुकीची मानली त्याला पुन्हा तिथे जायचे कारण उरत नाही. मावशी बाजारात एकदा मला म्हणाली, मास्तर आता येत नाय, त्याला सांग गोडं शेवळ ठेवलंय. मी सांगितले नाही. फाल्गुनात तुम्ही गेलात. मृत्यूचे कारण हृदय होते आणि त्या कारणाला मी दुसरे कारण जोडणार नाही. तो पुराव्याबाहेरचा दावा होईल. एवढेच लिहिते की त्या चार ओळींनंतर तुम्ही एकही नमुना गोळा केला नाहीत, आणि वर्गात कैरी-काजू-बिब्ब्याचा तासही घेतला नाहीत. तो मला घ्यायला सांगितलात.

मी तो घेत राहिले. संग्राहकाच्या नोंदीवर तर मी दरवर्षी एक पूर्ण तास घेत असे. त्या दिवशीची, त्या जागेवर केलेली नोंद हीच प्रमाण. मागाहून आठवलेले कितीही पटले तरी ते नोंदीच्या खाली. मुलांनी तो नियम पाठ केला. माझ्यासारखा दुसरा कडक परीक्षक जिल्ह्यात नाही, असे म्हणत असत. कोणाच्या नोंदीत तारीख नसली की मी अख्खा कागद बाद करत असे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये धसईला जाऊन तिथून रिक्षाने वर गेले. आता निम्म्या चढापर्यंत डांबरी रस्ता आहे. कातळाच्या खालच्या अंगाला प्लॉट पाडले आहेत, भिंती आहेत, भिंतींच्या आत कापलेले गवत आहे. वॉचमनने कोणाकडे जायचे आहे ते विचारले आणि मी रिक्षा बाजाराकडे परत वळवायला सांगितली. बाजारात मावशीची सून बसते, तीही आता म्हातारी. तिला गोड्या शेवळाचे विचारले. "ते आता कुठं ऱ्हायलं, बाई. सासू हुती तवर आणायची. आमी सगळ्यालाच काकड घालतो, झंझट नाय." म्हणजे तिच्या टोपलीतलाही तो एक गट गेला.

आता शेवटचा मुद्दा. एक तरुण संशोधक या सगळ्या गटाची नव्याने मांडणी करतो आहे. त्यानेच मला छायाचित्र पाठवले. चिठ्ठीवर माझे नाव पहिले असल्याने त्याने मला शोधून काढले. तो लिहितो की त्या फुलाचा आखूड दांडा त्याला विकृती वाटत नाही. एकाच कागदावर दोन वनस्पती निघाल्या, तर नाव त्यांपैकी एकीशी बांधता येते. पण त्याआधी एकीचे फूल आणि दुसरीचे पान एका कागदावर कसे आले हे ठरायला हवे. तुम्हाला काही आठवते का, असे त्याने मला अदबीने विचारले होते. मी उत्तर लिहायला अकरा दिवस घेतले. आवणी, बांध, नोंदपत्रातले खोटे वाक्य, सगळे क्रमाने लिहिले. खुंटी बरोबर कंदालाच होती, चूक लेखकाची नव्हती, संग्राहकाची होती, असे स्पष्ट लिहिले आणि खाली सही केली. इतक्या वर्षांत मी लिहिलेला तो सर्वांत अचूक मजकूर होता.

त्याचे उत्तर परवा आले. ते चांगले उत्तर आहे. माझ्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. तो म्हणतो की माझ्या हातची त्या दिवशीची नोंद पान खुंटीजवळचे असल्याचे सांगते आणि तुमची छापील कबुली खुंटी चुकल्याचे सांगते. दोन्ही त्या काळच्या आहेत आणि एकमेकींशी जुळतात. त्यांच्याविरुद्ध आजची एक आठवण त्याला मांडता येणार नाही. त्या जागेवरचे नवे शेवळ मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती. नाव जसे मागे घेतले आहे तसेच राहील. आणि शेवटी, खाजगीत म्हणून, तो लिहितो की गुरूंची चूक या वयात स्वतःवर घेणारी शिष्या त्याने पाहिली नव्हती, तो माझ्यापुढे नतमस्तक आहे.

त्याला वाटते, मी तुमच्यासाठी खोटे बोलते आहे. मी त्याला पुन्हा लिहू शकते, आग्रह धरू शकते. फुलावरून सुरू होणारा एक युक्तिवाद मला अजून सुचतो आहे. त्याऐवजी हे पत्र लिहीत बसले आहे, जे कोणत्याही पत्त्यावर जाणार नाही. त्याचे उत्तर आले ते मी संगणकावर वाचले, मग छापून घेतले, आणि खिडकीशी बसून शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. तुमचे नाव कायमचे गेले हे त्याच पानावर वरच्या बाजूला लिहिलेले होते. तरीही, सर, ते शेवटचे वाक्य वाचताना मला बरे वाटले.